कॉम्प्युटर शिकवला, पण संमती घ्यायला कोण शिकवणार? : नव्या डॉक्टर-नर्सचे डिजिटल शिक्षण

गावातल्या आरोग्य उपकेंद्रात आज काम कसे चालते ते आधी पाहू. खोकला, ताप किंवा वाढलेली शुगर घेऊन रुग्ण येतो. समोर समुदाय आरोग्य अधिकारी असते, म्हणजेच सीएचओ. ती बीपी आणि शुगर तपासते, टॅबवर किंवा लॅपटॉपवर माहिती भरते आणि 'ई-संजीवनी'वरून दूरच्या डॉक्टरला जोडते. डॉक्टर रुग्णाला प्रत्यक्ष पाहत नाही, हात लावत नाही. सीएचओने जे पाहिले, विचारले आणि टाइप केले त्यावरच त्याचा निर्णय ठरतो. ती 'श्वास लागतो' असे लिहायला विसरली, तर डॉक्टरच्या दृष्टीने त्या रुग्णाला श्वास लागतच नाही.

आपल्या समाजातील शेकडो मुले-मुली आज बीएस्सी नर्सिंग, जीएनएम, एएनएम, डीएमएलटी, फार्मसी, बीएएमएस आणि एमबीबीएस करत आहेत. उद्या याच खुर्चीवर तीच बसणार आहेत. म्हणून विचारायचे ते असे: या खुर्चीसाठी त्यांना तयार कोण करत आहे, आणि तयार करणे म्हणजे नेमके काय शिकवणे? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर 'पोर्टलवर माहिती भरायला शिकवणे' एवढेच मिळते. माझ्या मते यातले सर्वात सोपे काम तेच आहे. कोणतेही ॲप आठवडाभरात हाताला बसते. भरलेल्या माहितीचा अर्थ काय, ती कोण पाहणार, यंत्राने दिलेला आकडा कधी मानायचा नाही आणि रुग्णाला हे सगळे त्याच्या भाषेत कसे सांगायचे, ही खरी अवघड कामे आहेत.

काय काय आले आहे

गेल्या काही वर्षांत सरकारी आरोग्यसेवा झपाट्याने स्क्रीनवर आली. क्षयरुग्णांची नोंद २०१२ पासून 'नि-क्षय' पोर्टलवर होते. 'ई-संजीवनी' नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. कोरोनाची साथ आली आणि २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. २०२१ मध्ये लसीकरणासाठी 'कोविन' आले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक घरोघरी पोहोचू लागला. याच मिशनमध्ये दवाखान्यांची आणि डॉक्टर-नर्सची राष्ट्रीय नोंदवही तयार होत आहे. म्हणजे फक्त रुग्णच नाही, आरोग्य कर्मचारीही या यंत्रणेतली एक नोंद आहे.

अभ्यासक्रमात काय आहे

अभ्यासक्रमात काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू आहे. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषा आणि संगणक कौशल्ये आहेत. 'एटकॉम' या भागात रुग्णाशी बोलणे, संमती आणि गोपनीयता शिकवली जाते. पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत पडल्या आहेत. संगणक म्हणजे टायपिंग आणि स्लाइड बनवणे, आणि संमती म्हणजे ऑपरेशनपूर्वीची कागदावरची सही. पोर्टलवर नाव चढवतानाही संमती लागते हे विद्यार्थ्याला कोणत्या तासाला कळणार?

या बाबतीत नर्सिंगने वैद्यकीय शिक्षणाला मागे टाकले आहे, आणि ते कौतुकाने सांगायला हवे. भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रातच आरोग्य व नर्सिंग माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. अडचण एवढीच की दुसऱ्या सत्रात वॉर्डची नुकतीच कुठे ओळख होत असते. रुग्णाची फाइल अजून नीट हाताळलेली नसताना डिजिटल फाइल शिकवली, तर तो कॉम्प्युटरचा एक पेपर होऊन राहतो. हाच विषय शेवटच्या वर्षी ग्रामीण पोस्टिंगमध्ये, प्रत्यक्ष रुग्णासमोर पुन्हा यायला हवा.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने याच प्रश्नावर डॉ. एरिक टोपोल यांच्या नेतृत्वाखाली अभ्यास करून घेतला. फेब्रुवारी २०१९ च्या त्या अहवालात म्हटले होते की वीस वर्षांच्या आत तिथल्या ९० टक्के नोकऱ्यांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे डिजिटल कौशल्य लागेल. मला त्यातला दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. तंत्रज्ञानाने वाचवलेला वेळ कर्मचाऱ्याने रुग्णाला द्यावा, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे मात्र रजिस्टरही भरायचे आणि ॲपही भरायचे, अशी दुहेरी मेहनत अनेक आशाताई आणि नर्सताई करतात. वेळ वाचण्याऐवजी वाढतो. शिकवताना ही परिस्थिती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सिकलसेल : एका चौकटीत अडकणारे आयुष्य

एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण ते आपल्या घराजवळचे आहे. विदर्भात आदिवासी समाजाबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातील कार्यकर्त्यांना 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द नवे नाहीत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झाले. शून्य ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे निकाल पोर्टलवर चढतात आणि लोकांना कार्ड मिळते.

आता यातली तांत्रिक बाजू पाहा. शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी सोल्युबिलिटी चाचणी करतात, ती रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक (एएस) आहे की आजारी (एसएस), हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात ही प्राथमिक चाचणी भरवशाची नसते, कारण बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णाच्या एचपीएलसी निकालातही दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते.

हे माहीत नसलेल्या मुलाने शिबिरात भराभर नोंदी करताना 'पॉझिटिव्ह' म्हणजे 'आजारी' असे टिपले, तर निरोगी वाहक कागदोपत्री रुग्ण होतो. उलटही घडते. खरा एसएस रुग्ण 'पॉझिटिव्ह' एवढ्याच नोंदीवर थांबतो, पुढची तपासणी होत नाही आणि हायड्रॉक्सियुरियासारखे औषध सुरू व्हायला उशीर होतो. वेदनेच्या झटक्याने तळमळणाऱ्या मुलाला कॅज्युअल्टीत आणले की समोरच्या इंटर्नला स्क्रीनवर नेमके काय दिसते, यावर बरेच अवलंबून असते. बोटाने दाबलेल्या एका चौकटीची किंमत इतकी असते. म्हणून डीएमएलटीच्या मुलाला चाचणी आणि तिची नोंद एकाच तासाला शिकवली पाहिजे.

सामाजिक बाजू याहून नाजूक आहे. आई आणि वडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी, म्हणजे एए, असण्याची २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांना आपापला पॅटर्न माहीत असणे हिताचे आहे. पण हीच माहिती गावात फुटली की 'तिच्यात दोष आहे' म्हणून मुलीचे स्थळ मोडते. मुलाला मात्र कोणी विचारत नाही. वाहक माणूस आजारी नसतो आणि तो नेहमीसारखे आयुष्य जगतो, हे सांगणारा कोणी नसेल, तर कार्ड हा एक शिक्का होऊन बसतो. आपल्या माणसांना शिक्क्यांचा अनुभव पिढ्यान्पिढ्या आहे, त्यावर अधिक लिहायला नको.

मग नोंद करायचीच नाही का? करायलाच हवी. नोंदीशिवाय औषध येणार नाही, निधी येणार नाही, आणि जिल्ह्यात किती रुग्ण आहेत हे कोणी सांगू शकणार नाही. नोंद आवश्यक आहे आणि तिची गुप्तताही तितकीच आवश्यक आहे. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते. निकाल मैदानात नाव पुकारून देऊ नये, बाजूला बसवून द्यावा. मुलीचा निकाल आधी मुलीला सांगावा. दोघे वाहक असतील तर घाबरवू नये, गर्भावस्थेतील तपासणी आणि समुपदेशनाची माहिती द्यावी. यातले काहीही सॉफ्टवेअर करत नाही, समोरच्या माणसालाच करावे लागते.

यंत्राचा आकडा कधी मानायचा नाही

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पथके घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरली. बोटाला लावायचे ते छोटे यंत्र तेव्हा प्रत्येकाच्या ओळखीचे झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे किती रुग्णांत आढळले, ते त्यात मोजले होते. मिशिगनच्या रुग्णालयात गोऱ्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. कारण असे की हे यंत्र त्वचेतून प्रकाश आरपार सोडून मोजते आणि गडद त्वचेत तो हिशेब चुकू शकतो. नेलपॉलिश आणि गारठलेली बोटे यांनीही आकडा बिघडतो.

उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. यंत्र ९४ दाखवत असेल आणि रुग्ण वाक्य पूर्ण करताना धापा टाकत असेल, तर रुग्णावर विश्वास ठेवायचा. श्वासाचा वेग मोजायचा, ओठ पाहायचे. हे जुनेच शिक्षण आहे, पण स्क्रीनवर हिरवा आकडा दिसला की ते विसरले जाते.

दुसरे उदाहरण संगणकाच्या 'निर्णयां'चे. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची हे ठरवणारी एक प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी तिची चिरफाड केली. कोण किती आजारी आहे हे ती प्रणाली मोजतच नव्हती. कोणावर किती खर्च झाला ते ती मोजत होती. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे पडत. दोष दुरुस्त केला तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखवले. त्या प्रणालीत वंशाचा रकानाच नव्हता. भेदभाव करायला तसा रकाना लागत नाही, जुन्या भेदभावातून तयार झालेली आकडेवारी पुरते. ज्या समाजात दवाखान्यापर्यंत पोहोचणेच सर्वांना सारखे शक्य नाही, तिथे अशी प्रणाली आणताना हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याला मिळायला हवा.

म्हणून विद्यार्थ्याने प्रत्येक यंत्राबाबत विचारावे: याची चाचणी कोणावर झाली? छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाची शंका दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, पण ती १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींसाठी. आठ वर्षांच्या मुलाचा एक्स-रे टाकून सॉफ्टवेअरने 'काही नाही' म्हटले, तर त्या उत्तरावर विसंबायचे नाही. आपल्या टेलिमेडिसिन तत्त्वांतही स्पष्ट आहे की कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरला मदत करू शकते, पण रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे तिला करता येणार नाही. जबाबदारी माणसाचीच राहते. उद्या काही चुकले तर 'ॲपने सांगितले' हा बचाव चालणार नाही.

ओटीपी कोणाच्या फोनवर आला?

आभा क्रमांक काढताना बहुधा आधार वापरले जाते आणि आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन ५४ टक्के महिलांकडे आहे, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या महिला ३३.३ टक्के आहेत. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ५७.१ टक्के आहे. म्हणजे कित्येक घरांत बाईचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर जातो. उद्या तिचे रिपोर्टही त्याच फोनवर दिसू शकतात. त्यात गर्भपाताची, एचआयव्हीची किंवा मानसिक उपचाराची नोंद असेल तर?

कायदा यावर मुका नाही. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव फोडणे हा २०२१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षेस पात्र गुन्हा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, पण त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळी, अधिक संवेदनशील अशी वर्गवारी दिलेली नाही. ही मोठी उणीव आहे आणि कार्यकर्त्यांनी ती लावून धरायला हवी.

आभा ऐच्छिक आहे. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या दवाखान्याला दिसतो. ही संमती ठरावीक मुदतीसाठी देता येते आणि मागेही घेता येते. रचना चांगली आहे, पण ती किती जणांना समजावून सांगितली जाते? संमती म्हणजे अंगठा घेणे नव्हे. वर्गात दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून सराव करून घ्यावा. एक रुग्ण, एक नर्स, आणि बोलणे साध्या मराठीत किंवा वऱ्हाडीत: "ताई, हा नंबर काढला तर तुमचे रिपोर्ट एकमेकांना जोडता येतील, पुढच्या वेळी फाइल शोधावी लागणार नाही. नाही काढला तरी तपासणी होईल, औषधही मिळेल. ओटीपी कोणाच्या फोनवर येईल? त्यांनी तुमचे रिपोर्ट पाहिले तर चालेल का?" एवढे बोलायला दोन मिनिटे लागत नाहीत. यावर तोंडी परीक्षेत गुण ठेवले तर पुढच्या वर्षीपासून सगळे बोलू लागतील!

'कोविन'च्या वेळी काय झाले ते विसरू नये. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती आणि पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होते. ज्यांच्याकडे फोन आणि इंग्रजी होते त्यांनी स्लॉट पटकावले. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले, आणि थेट केंद्रावर नोंदणीची सोय नंतरच सुरू झाली. दरवाजा फक्त ऑनलाइन ठेवला की कोण बाहेर राहतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

व्हॉट्सॲप, सर्व्हर आणि आपली शिबिरे

रोजच्या व्यवहारात सर्वाधिक गळती होते ती व्हॉट्सॲपवरून. इंटर्न मुले सल्ल्यासाठी एक्स-रे आणि रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकतात. हेतू चांगला असतो आणि अडल्यावेळी त्याचा उपयोगही होतो. पण नाव, वय आणि गावासह फोटो गेला की तो परत येत नाही. नाव झाकून फोटो काढणे आणि काम झाल्यावर गॅलरीतून पुसणे, ही सवय पहिल्या वर्षीच लागायला हवी, जशी हात धुण्याची लागते.

स्क्रीन बंद पडल्यावर काय, हेही शिकायचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वात नामांकित रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. केसपेपर हाताने नीट लिहिता येणारी पिढी तोपर्यंत शिल्लक होती.

शेवटी आपल्या शिबिरांविषयी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, १४ एप्रिलला वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे लागतात आणि आपले वैद्यकीय विद्यार्थी तिथे मनापासून राबतात. डिजिटल आरोग्याची याहून चांगली कार्यशाळा त्यांना मिळणार नाही. मात्र काही गोष्टी आयोजकांनी आधीच ठरवाव्यात. नाव, फोन आणि निकाल असलेली यादी एकाच व्यक्तीकडे, पासवर्ड लावून राहील आणि मंडळाच्या ग्रुपवर जाणार नाही. कामापुरतीच माहिती विचारली जाईल. बीपी तपासायला आधार क्रमांक लागत नाही. आभा काढायचा असेल तर त्याचे टेबल वेगळे असेल आणि ते टाळूनही तपासणी होईल. सिकलसेलचा निकाल पडद्याआड, समुपदेशकासमोर मिळेल. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला पुढची तपासणी कुठे आणि कोणत्या दिवशी होते हे कागदावर लिहून दिले जाईल, आणि महिन्याभराने त्याला फोन करण्याची जबाबदारी एका ठरावीक विद्यार्थ्याच्या नावावर असेल.